कार्डाचे पैसे परत जातात तेव्हा

माल गेला, रक्कम आली आणि वहीत जमा झाली की सौदा पुरा झाला, असे आपण व्यापारी मानत आलो. रोखीच्या व्यवहारात ते खरेही आहे. कार्डाच्या व्यवहारात मात्र ते अर्धेच खरे आहे. मशीनमधून चिठ्ठी निघाली, दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात पडली, तरी तो सौदा पुढे काही महिने उघडाच राहतो. गिऱ्हाइकाने आपल्या बँकेत तक्रार केली तर तीच रक्कम आपल्या खात्यातून परत ओढली जाऊ शकते. बँकेच्या भाषेत यालाच चार्जबॅक म्हणतात.

विठ्ठलवाडी स्टेशनापासून उल्हासनगरच्या गजानन मार्केट आणि जपानी बाजारापर्यंत आज गल्ल्यावर कार्डाचे मशीन किंवा क्यूआरचा फलक नाही असे कापडाचे दुकान शोधावे लागेल. लग्नसराईत कर्जत, बदलापूर, मुरबाड, शहापूरकडची कुटुंबे बस्ता बांधायला या भागात येतात आणि मोठी रक्कम कार्डाने किंवा फोनवरून देतात. असे असूनही चार्जबॅक हा शब्द बहुतेक दुकानदारांना पहिल्यांदा कळतो तो रक्कम कापली गेल्यावर. मग कोणी बँकेला शिव्या देतो, कोणी गिऱ्हाइकाला, आणि कोणी मशीनच बंद करून ठेवतो. आमच्या मते हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. चार्जबॅक हा कायदा-नियमाने चालणारा व्यवहार आहे, आणि त्यातला निम्मा निकाल तक्रार येण्याच्या आधी, विक्रीच्या दिवशीच, आपल्या गल्ल्यावर लागलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही

पतीवर घेतलेली रक्कम परत करावी लागणे हे आपल्या बाजाराला अनोळखी नाही. जुन्या काळी शाहजोग हुंडीची रक्कम बाजारातल्या पतदार शहालाच मिळत असे. ती हुंडी पुढे चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शहाने रक्कम उचलली त्याला ती व्याजासह परत करावी लागे, नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली तो माणूस हजर करावा लागे. म्हणजे पैसे देणाऱ्याचा एतबार शहावर आणि शहाचा एतबार पुढच्यावर. आज कार्डाच्या व्यवहारात आपल्याला मशीन देणारी बँक त्या शहाच्या जागी आहे. गिऱ्हाइकाच्या बँकेने रक्कम मागितली की आधी ती आपली बँक भरते आणि मग आपल्याकडून वसूल करते.

चेकची गोष्ट वेगळी होती. १ एप्रिल १९८९ पासून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली, देण्यापोटी दिलेला चेक शिल्लक नाही म्हणून परत जाणे हा फौजदारी गुन्हा झाला. तिथे कायद्याने माल देणाऱ्याला हत्यार दिले. कार्डाच्या बाबतीत उलट झाले. १९७४ साली अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आला, त्याने कार्डधारकाला चुकीच्या बिलाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क दिला, आणि पुढे कार्डाच्या जाळ्यांनी आपापल्या नियमांनी तो जगभर नेला. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने सेंट्रलकार्ड काढले, तेव्हापासून हे नियम हळूहळू आपल्या बाजारात आले. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून ठरवले की बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना तिऱ्हाइताच्या लबाडीने रक्कम गेली आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे एक पैशाचेही नुकसान होता कामा नये. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा आणि पुराव्याचे ओझेही बँकेनेच वाहावे, असेही त्यात होते. हे योग्यच झाले. आपणही कोणाचे तरी गिऱ्हाईक असतो आणि आपल्या घरातही कार्डे आहेत. पण बँकेवरचे हे ओझे पुढे सरकत दुकानापर्यंत येते, हे व्यापाऱ्याने ओळखून असावे.

रक्कम कोणत्या वाटेने परत जाते

गिऱ्हाईक आपल्या कार्डाच्या बँकेत तक्रार नोंदवते. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांच्या जाळ्यामार्फत आपल्या बँकेकडे रक्कम मागते. आपली बँक आपल्याला कळवते आणि बहुधा रक्कम लगेच वळती करते किंवा अडकवून ठेवते. ठरलेल्या मुदतीत आपण पुरावा दिला तर बँक तो उलट पाठवते, आणि तो पटला तर रक्कम परत मिळते. आपण गप्प बसलो तर तक्रार मान्य केली असा अर्थ होतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी गिऱ्हाइकाच्या बाजूने १२० दिवसांची मुदत आहे. आपल्याला उत्तरासाठी मिळणारे दिवस त्या मानाने फारच थोडे असतात.

नुकसान किती होते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बारा हजारांचा माल विकला आणि त्यात नफा दहा टक्के, म्हणजे बाराशे रुपये. रक्कम परत गेली आणि माल आला नाही तर खरेदीचे दहा हजार आठशे बुडाले. ते भरून काढायला तेवढ्याच मोठ्या आणखी नऊ विक्री कराव्या लागतील, आणि त्या नऊ विक्रींचा नफा घरी येणार नाही. बँकेचे शुल्क वेगळेच. कापडासारख्या थोड्या नफ्याच्या धंद्यात एक चार्जबॅक म्हणजे सबंध आठवड्याची मेहनत असू शकते.

ओटीपीने काय सिद्ध होते

बाजारात एक गैरसमज पक्का बसला आहे. ओटीपी आला, पिन टाकला, म्हणजे आता गिऱ्हाईक काही करू शकत नाही, असे दुकानदार म्हणतात. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्डाला पिन आला आणि पुढे चिपची कार्डे आली. याचा फायदा मोठा आहे. पडताळणी झालेल्या व्यवहारात "हा खर्च मी केलाच नाही" अशी तक्रार आली तर तिचा भार साधारणतः कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो.

पण पिन किंवा ओटीपीने एवढेच ठरते की रक्कम कार्डधारकाने दिली. माल पोहोचला का, ठरल्याप्रमाणे होता का, परत घेतलेल्या मालाची रक्कम वळती केली का, एकच रक्कम दोनदा कापली गेली का, या प्रश्नांना ओटीपी उत्तर देत नाही. कापडाच्या धंद्यात तर बहुतेक तकरारी याच असतात. फोटोत गडद मेंदी रंग दिसला आणि हातात फिकट आला. ४४ इंच पन्ना सांगितला आणि ३६ निघाला. पाच ड्रेसपीस सांगितले आणि गाठोड्यात चार निघाले. पहिल्याच धुण्यात रंग गेला. इथे आपले बिल आणि आपली नोंद याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

त्यातही दोन वाटा मोकळ्या आहेत. पाच हजारांपर्यंतचे व्यवहार कार्ड नुसते टेकवून, पिन न टाकता होऊ शकतात. आणि परदेशात काढलेल्या कार्डाला दर वेळी ओटीपीचे बंधन नसते. आखातातून किंवा विलायतेतून कोणी लग्नाच्या कपड्यांची मोठी ऑर्डर फोनवर दिली आणि लिंकवरून रक्कम भरली, तर माल पाठवण्याआधी नाव, पत्ता आणि कार्डधारक एकच आहे की नाही याची खात्री करून घेणे हे शहाणपणाचे आहे.

गल्ल्यावर करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट नावाची. दुकानाच्या फलकावर एक नाव, बँकेच्या खात्यावर दुसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. गिऱ्हाईक महिन्याने कार्डाचे विवरण पाहते तेव्हा त्यात भलतेच नाव दिसते. "या नावाच्या दुकानात मी गेलोच नव्हतो" असे त्याला प्रामाणिकपणे वाटते आणि तक्रार नोंदली जाते. बँकेकडे अर्ज करून विवरणात दुकानाचे प्रसिद्ध नाव यावे अशी व्यवस्था करून घ्यावी. तोवर बिलावर ठळक लिहावे की आपल्या विवरणात अमुक नाव दिसेल.

दुसरी गोष्ट बिलाची. "साडी ३ नग" असे बिल निरुपयोगी आहे. प्रकार, रंग, डिझाईन नंबर, मीटर, पन्ना, दर आणि काही दोष सांगून सूट दिली असेल तर तो दोष, हे सगळे लिहावे. "सेलचा माल, काठाला डाग, दाखवून दिला" ही एक ओळ आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही शंभर युक्तिवादांना भारी पडते. जुने मुनीम सांगत, पहले लिख, पीछे दे. कार्डाच्या जमान्यात ती गोष्ट अधिकच खरी झाली आहे.

तिसरी गोष्ट मशीनच्या चिठ्ठीची. ती चिठ्ठी ज्या कागदावर निघते तो उष्णतेने उमटणारा कागद असतो आणि काही महिन्यांत त्याच्यावरची अक्षरे उडून जातात. तक्रार येते तेव्हा हातात कोरा कागद राहतो. म्हणून त्याच दिवशी चिठ्ठी आणि बिल यांचा एकत्र फोटो काढून तारखेप्रमाणे जपून ठेवावा. २६ जुलै २००५ च्या महापुराने कल्याण-उल्हासनगरच्या सखल भागात काय केले ते ज्यांना आठवते, त्यांना कागद एकाच जागी ठेवण्यातला धोका वेगळा सांगायला नको.

चौथी गोष्ट माल परत घेण्याची. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपल्या बाजारात जिकडेतिकडे दिसते आणि तिला आपण ढाल समजतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि रक्कम द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत, असे कायदा सांगतो. मन बदलले म्हणून माल परत घेणे आणि माल सदोष म्हणून परत घेणे यात फरक आहे. पहिल्यासाठी आपण अट घालू शकतो, दुसऱ्यासाठी नाही. आमचे मत स्पष्ट आहे: ज्या दुकानात गिऱ्हाइकाची रास्त तक्रार गल्ल्यावरच ऐकून घेतली जाते, तिथे ते बँकेकडे जायची तसदी घेत नाही. पाटी लावून ज्याला आपण दारातून परत पाठवतो, ते बँकेच्या दारातून आत येते.

पाचवी गोष्ट, रक्कम परत करायची तर ती ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर करावी. भलाईने रोख दिली आणि सही घेतली नाही, तर तेच गिऱ्हाईक किंवा त्याच्या घरातला दुसरा कोणी तक्रार नोंदवील आणि रक्कम दोनदा जाईल.

सहावी गोष्ट शेजारधर्माची आहे म्हणून कठीण वाटते. शेजारच्या दुकानदाराचे मशीन बंद आहे, त्याच्या गिऱ्हाइकाचे कार्ड आपल्या मशीनवर घासून द्यावे अशी विनंती होते. आपल्या मशीनवर घेतलेल्या रकमेची जबाबदारी आपली, माल मात्र दुसऱ्याचा. तक्रार आली तर दाखवायला बिलही नसते. शिवाय बँकेच्या करारात याला मनाई असते. कार्ड घासून रोख रक्कम देणे हेही त्यातलेच. या दोन्हींना नम्रपणे नकार द्यावा.

बाहेरगावी माल पाठवताना ट्रान्सपोर्टची बिल्टी किंवा कुरिअरची पावती, गाठोड्याचे वजन, बांधण्याआधी मांडलेल्या मालाचा फोटो आणि घेणाऱ्याची सही, या चार गोष्टी जमवल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

तक्रार आलीच तर

नोटीस आली की आधी दोन गोष्टी पाहाव्यात: उत्तराची शेवटची तारीख आणि तक्रारीचे कारण. पुष्कळ व्यापारी कारण न वाचता लांबलचक कैफियत लिहितात. "माल मिळाला नाही" अशी तक्रार असेल तर माल उत्तम होता हे सांगून उपयोग नाही, पोहोचल्याची सही लागते. "माल वर्णनाप्रमाणे नाही" असे असेल तर पोहोचल्याची सही कामाची नाही, बिलावरचे वर्णन लागते. कारणाला नेमके उत्तर, सोबत कागद आणि एका पानात मजकूर, हीच रीत ठेवावी. ईमेलने पाठवल्यास त्याची पोच जपून ठेवावी.

गिऱ्हाइकाला फोन जरूर करावा, पण अदबीने. कित्येकदा गैरसमज असतो आणि ते स्वतः आपल्या बँकेला तक्रार मागे घेतल्याचे लिहून देते. चूक आपल्या माणसाची निघाली तर तक्रार मान्य करून मोकळे व्हावे. हट्टाने लढवलेल्या प्रकरणात रकमेवर शुल्क चढत जाते आणि बँकेच्या दप्तरात दुकानाचे नाव खराब होते. मात्र चार्जबॅक सुरू झाल्यावर वेगळ्या वाटेने रक्कम परत करू नये, नाहीतर दोन्हीकडून जाईल. आणि पुरावा देऊनही आपल्याच बँकेने तो पुढे पाठवला नाही किंवा दाद दिली नाही, तर आधी बँकेत लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही.

क्यूआरवाले निर्धास्त आहेत काय?

"आमच्याकडे फक्त यूपीआय, आम्हाला याची काळजी नाही," असे काही बंधू म्हणतात. त्यांनीही सावध असावे. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, म्हणजे फलक क्यूआरचा असला तरी मागून येणारी रक्कम क्रेडिट कार्डाची असू शकते. यूपीआयमध्येही तक्रारीची आणि रक्कम उलटवण्याची व्यवस्था आहे. त्याखेरीज एक अधिक कठीण प्रसंग आहे. कोणाची तरी फसवणूक झाली, त्याने १९३० या क्रमांकावर कळवले, आणि चोरीची ती रक्कम हातोहात फिरत आपल्या दुकानात खरेदीसाठी आली, तर आपल्या खात्यातली रक्कम किंवा सबंध खातेच गोठवले जाऊ शकते. माल प्रामाणिकपणे विकलेल्या व्यापाऱ्यांवर देशात ठिकठिकाणी अशी वेळ आली आहे. तेव्हाही बचाव एकच: कोणाला, कोणता माल, कोणत्या दिवशी, कोणत्या बिलाने दिला याची नोंद. अनोळखी माणसाने मोठी रक्कम पाठवून "जादा गेली, उरलेली अमुक खात्यात परत करा" असे सांगितले तर मुळीच करू नये. रक्कम जिथून आली तिथेच परत जावी, आणि तीही बँकेच्या सल्ल्याने.

मशीन बंद करणे हा उपाय नव्हे

मग सगळा धंदा रोखीनेच का करू नये, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. एक तर २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास मनाई आहे, आणि लग्नाचा बस्ता तिथवर सहज जातो. दुसरे, गिऱ्हाईक आता रोकड घेऊन फिरत नाही. आपण मशीन बंद केले तर ते पुढच्या दुकानात जाईल, नाहीतर घरी बसून मोठ्या कंपनीकडून मागवील. त्या कंपन्यांकडे तक्रारी हाताळायला वेगळे खाते असते. आपल्याकडे गल्ल्यावर बसलेला माणूसच विक्रेता, मुनीम आणि वकील असतो.

म्हणूनच हा बोजा एकट्या दुकानदारावर टाकून चालणार नाही. बँकांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. नोटीस मराठीत आणि समजेल अशा शब्दांत द्यावी, नुसत्या कारणाच्या आकड्याने भागवू नये. उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत, आणि सुट्टीचे दिवस त्यात मोजू नयेत. मशीन बसवायला येणारा माणूस भाडे आणि टक्केवारी सांगतो, त्याने त्याच बैठकीत चार्जबॅकचे नियमही समजावून सांगावेत. यात कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही.

आणि बाजारातल्या व्यापारी संघटनांनीही आता जत्रा-जयंतीच्या वर्गणीपलीकडे पाहावे. प्रत्येक बाजारात जाणकार तरुण मुलामुलींचा एक गट बसवावा. बँकेची नोटीस आली की दुकानदाराने ती त्यांच्याकडे न्यावी, त्यांनी कागद लावून उत्तर तयार करून द्यावे आणि कोणत्या प्रकारची फसवणूक फिरते आहे ते सगळ्यांना कळवावे. आपल्या घरातली मुले वाणिज्य शाखेत शिकत आहेत, संगणक जाणतात. दुकानात त्यांच्याकडून नुसते ताके उलगडून घेण्यापेक्षा हे काम द्यावे. त्यांना धंदा कळेल आणि बापाला नियम कळतील.

कापडाचा व्यापार एतबारावर उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जुन्या पेढ्यांचा एतबार तोंडी नव्हता, तो रोजकीर्दीत आणि खातेवहीत उतरलेला होता. समोरच्याचा चेहरा पाहून माल देण्याचे दिवस सरत आले. आता गिऱ्हाईक अनोळखी, त्याची बँक दुसऱ्या शहरात आणि तक्रार चार महिन्यांनी येणारी. व्यापारी बंधूंनी या आठवड्यात एवढे तरी करावे: आपल्या बँकेचा करार काढून चार्जबॅकचे कलम वाचावे किंवा वाचून घ्यावे, विवरणात आपल्या दुकानाचे कोणते नाव येते ते तपासावे, आणि आजपासून निघणारे प्रत्येक बिल असे लिहावे की ते आपल्या गैरहजेरीतही आपली बाजू मांडू शकेल.